ज्याची बातमी त्याला शेवटी

सव्वीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसलेल्या बाईला कोणी सांगितलं असतं की छप्पन्नाव्या वर्षी तू व्हिडिओ गेम बनवायला जाशील, तर तिनं "राँग नंबर" म्हणून फोन ठेवून दिला असता. पण ती गेली. आणि नुसती गेली नाही, चार शिकलेल्या माणसांना तोंडात बोटं घालायला लावून आली. कशी, ते सांगतो.

इस्पितळात तिला सगळे ऑपरेटरबाई म्हणत. तीनशे चाळीस एक्स्टेन्शन तोंडपाठ. पलीकडे कोणी फोन उचलून नुसता घसा खाकरला तरी कोणते डॉक्टर आहेत आणि ते कोणत्या मूडमध्ये आहेत, हे तिला कळायचं. "लाईन देते, धरा," एवढं म्हणून ती कुणालाही कुणाशीही जोडून द्यायची. मग यंत्र आलं. 'अपघात विभागासाठी दोन दाबा' असं एक गोड रेकॉर्ड केलेला आवाज सांगू लागला, आणि तिच्या खोलीत सलाईनचे जुने स्टँड ठेवायला लागले. निरोपाच्या दिवशी कार्यालयातला एक तरुण साहेब तिच्या हातात भिंतीवरचं घड्याळ देत म्हणाला, "तसं हे काम काय, कोणीही करू शकतं. आता तर माणूससुद्धा लागत नाही." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. अशा लोकांच्या मनात काही नसतंच, फक्त जिभेला हाड नसतं. बाईंनी ते घड्याळ भिंतीवर लावलंच नाही. कपाटात पालथं घालून ठेवलं, आणि दोन वर्षं ते तिथंच पडून होतं. साहेबाचं वाक्य मात्र कपाटात मावलं नाही. ते रोज सकाळी चहाबरोबर वर यायचं.

त्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी गेम बनवायची. पाच जणांची कंपनी, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, जिन्यापासूनच पंक्चरच्या सोल्यूशनचा वास. तिला गेम तपासणारं माणूस हवं होतं. तीन महिने गेम खेळायचा आणि चुका वहीत लिहायच्या, एवढंच काम.

"मावशी, तुला घरी बसून कंटाळा आलाय आणि दुसऱ्यांच्या चुका काढायला तुला आवडतं," भाची म्हणाली. "यातलं एक तरी खोटं आहे का?"

"चुका काढत नाही मी. त्या आपोआप दिसतात," असं म्हणून मावशी दुसऱ्या दिवशी हजर झाली.

गेममध्ये नदीकाठचं एक छोटं गाव होतं. खेळणारा तिथं परका म्हणून येतो आणि गावात दडलेल्या गोष्टी लोकांशी बोलून शोधून काढतो. गावात चौसष्ट पात्रं होती: नावाडी, पाववाली, लोहार, गिरणीवाला, पोस्टातली बाई, निवृत्त शिक्षिका, अशी. गेमची खासियत अशी की कोणाला काय माहीत आहे हे आधीपासून लिहून ठेवलेलं नव्हतं. पात्रं एकमेकांना भेटतील, बोलतील, एकमेकांकडून गोष्टी शिकतील आणि पुढे सांगतील. निदान तसं व्हायला हवं होतं.

हे सगळं कोडमध्ये बसवलं होतं दाढीवाल्यानं. हा कंपनीतला मुख्य प्रोग्रॅमर. माणूस हुशार, पण शेजाऱ्याचं दार कोणत्या रंगाचं आहे हे त्याला ठाऊक नसावं. त्याचा नियम सोपा होता: दोन पात्रं तीन पावलांच्या आत आली की एकाला जे माहीत ते दुसऱ्याला सांगायचं. त्यानं झालं काय, की सकाळी लोहाराचा हात भाजला तर दुपारपर्यंत तो साऱ्या गावाला पाठ. हे फार होतंय म्हणून त्यानं मध्ये चिठ्ठी टाकली: दर तीन भेटींत एकदाच सांगायचं, कधी ते नशिबावर. बाईंनी पहिल्या दिवशी गेम सुरू केला तेव्हा लोहाराचा हात भाजल्याचं नदीपलीकडच्या मेंढपाळाला माहीत होतं आणि लोहाराच्या बायकोला माहीत नव्हतं. ती त्याला जेवायला वाढत होती आणि पावसापाण्याच्या गप्पा मारत होती.

बाई इतक्या हसल्या की खाली सायकलवाल्यानं हातोडी थांबवली.

"काय झालं?" दाढीवाला आला.

"ही बाई आंधळी आहे का?"

"नाही. चिठ्ठी निघाली नसेल तिची."

"अहो, बायकोला नवऱ्याच्या हाताची खबर चिठ्ठी टाकून मिळते? लग्न झालंय का तुमचं?"

"नाही."

"तरीच," असं म्हणून बाईंनी वही पुढे ओढली. "लिहून घ्या. बातमी पावलं मोजून जात नाही. ती नात्यावरून जाते. कोण कोणाबरोबर उठतं-बसतं, कोणाचं कोणावाचून अडतं, कोण कोणाशी बोलत नाही, हे मला आधी सांगा. मग मी सांगते बातमी कुठून कुठं जाईल ते."

दाढीवाल्याला ते माहीत नव्हतं. चौसष्ट माणसं त्यानं जन्माला घातली होती, पण त्यांच्यात एक साधं भांडणसुद्धा लावलं नव्हतं. तेव्हा बाईंनी एक मोठा कागद भिंतीला चिकटवला, चौसष्ट गोल काढले आणि एक्स्चेंजच्या बोर्डावर वायरी जोडाव्यात तशा रेघा ओढायला सुरुवात केली. पाववाली ही नावाड्याची बहीण. त्या दोघांत काही लपत नाही. लोहार आणि गिरणीवाला हाडवैरी. समोरासमोर आले तरी आकाशाकडे बघणार. गिरणीवाल्याची भावजय म्हणजे निवृत्त शिक्षिका. घराच्या वाटणीवरून त्याच्याशी आठ वर्षं अबोला. आणि प्रत्येक बातमीच्या कपाळावर एक शिक्का, की ती कोणाकडून ऐकली. दाढीवाला एकेक रेघ कोडमध्ये उतरवत गेला. दोन महिन्यांत गाव बोलायला लागलं, आणि दाढीवाला बाईंना न विचारता चहाचा कप आणून द्यायला लागला. त्याच्या हिशेबी हा मोठा सन्मान होता.

दहा दिवसांवर परीक्षा होती. गेम लोकांपर्यंत पोचवणाऱ्या मोठ्या कंपनीची एक परीक्षक बाई येणार होती. गाव जिवंत वाटलं तर गेम अख्खा घेणार. नाही वाटलं तर गाव कापून टाकायचं, नुसता पळापळीचा आणि तलवारींचा भाग ठेवायचा. म्हणजे बाईंचा कागद, रेघा, वही, सगळं केराच्या टोपलीत. भाचीला काळजी गेमची होती. बाईंना काळजी एका वाक्याची होती. गाव कापलं गेलं तर तो साहेब खरा ठरणार होता: कोणीही करू शकतं, माणूससुद्धा लागत नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात गाव मुकं झालं.

झालं एवढंच, की भाचीनं तपासून बघायला पोस्टातल्या बाईला घसरून पाडलं आणि पाय मोडून घरी निजवलं. गेममध्ये चार दिवस गेले. गिरणीच्या मालकाच्या घरात आग लागली, विझली, आणि गावात कोणाला पत्ताच नाही. नावाडी पाण्याचं बोलतोय, पाववाली पिठाचं. जाऊन कारण बघितलं तर सगळ्या रेघा फिरून फिरून पोस्टातल्या बाईकडे येत होत्या आणि तिच्याकडूनच पुढे जात होत्या. ती उठली तर गाव बोलणार, ती निजली तर गाव निजणार.

दाढीवाला भिंतीवरच्या कागदासमोर बराच वेळ उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "मावशी, ही तुम्हीच आहात ना?"

बाईंनी पोस्टातल्या बाईच्या गोलावर बोट ठेवलं. कागदाच्या मधोमध त्यांनी स्वतःलाच बसवलं होतं, आणि दोन महिने त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही माणसानं ही चूक केली नसती. सव्वीस वर्षं त्यांची अशी समजूत होती की इस्पितळातली प्रत्येक बातमी आपल्या हाताखालून जाते. मग एक्स्चेंज बंद झाल्यावर इस्पितळ मुकं व्हायला हवं होतं. ते तर एक दिवससुद्धा अडलं नाही. साहेबाचं वाक्य पुन्हा वर आलं, आणि या वेळी त्याला पुरावा मिळाला होता.

"आपण चिठ्ठीवर परत जाऊ या," दाढीवाला म्हणाला. "ते वाईट आहे, पण बंद तरी पडत नाही."

भाचीनं मावशीकडे बघितलं. तिला चिठ्ठीला नाही म्हणायचं होतं आणि म्हणता येत नव्हतं. "मावशी, मला उद्या दुपारपर्यंत ठरवावं लागेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या, पण जागेवर बसल्या नाहीत. जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी इस्पितळातल्या लिफ्टवाल्याला फोन लावला. हा लिफ्टवाला म्हणजे पोटातलं पाणी न हलू देता दहा मजले वर-खाली करणारा माणूस. अजून नोकरीत होता.

"भाऊ, एक विचारू? खरं सांगायचं," बाई म्हणाल्या. "एक्स्चेंज बंद होणार हे तुम्हाला कधी कळलं होतं?"

पलीकडे लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज आला. मग लिफ्टवाला म्हणाला, "जाऊ द्या ना ताई. जुनं कशाला उकरता?"

"माझ्या कामाचं आहे."

"तुम्हाला कळलं त्याच्या तीन आठवडे आधी. सुतार तुमच्या खोलीचं माप घेऊन गेला ना, तुम्ही जेवायला गेलेल्या तेव्हा? त्यानं धुलाईखान्यातल्या बाईला सांगितलं, ती त्याची चुलत बहीण. तिनं मला. मी स्वयंपाकघरात. असं सगळीकडे."

"सगळ्यांना ठाऊक होतं?"

"हो."

"आणि मला एकानंही सांगितलं नाही!"

"कोणत्या तोंडानं सांगणार, ताई? रोज ठरवायचो, आज सांगू. तुम्ही लिफ्टमध्ये आलात की हवापाण्याचं बोलायचो. स्वयंपाकघरवाले तुम्हाला त्या दिवसांत जास्तीचं वाढायचे, आठवतंय? तुम्ही म्हणायच्या, आज काय लग्न आहे का कोणाचं."

बाईंना आठवलं. सगळंच आठवलं. त्या दारात आल्या की थांबणारी बोलणी, उगीचच गोड बोलणारी माणसं. आणि हेही आठवलं की बातमी अखेर त्यांच्या तोंडावर फेकली होती ती औषधभांडारातल्या बाईनं. तिचं आणि यांचं नऊ वर्षं वाकडं. ऑपरेटर चोरून बोलणं ऐकते अशी तिनं लेखी तक्रार केली होती, आणि तक्रार अगदीच खोटी नव्हती, म्हणून तर ती जास्त झोंबली होती. ती एक दिवस एक्स्चेंजच्या खोलीत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "महिनाअखेर तुमची खोली बंद होतेय. अर्ज करायचा असेल तर आत्ताच करा." एवढं बोलून गेली. दोन वर्षं बाई तिच्या नावानं मनातल्या मनात बोटं मोडत होत्या.

"तिला मात्र फार आनंद झाला होता सांगताना," बाई म्हणाल्या.

"आनंद?" लिफ्टवाला चमकला. "ताई, आम्ही सगळे तिच्यासमोर रडगाणं गात होतो, की कोण सांगणार, कोण सांगणार. ती म्हणाली, तुमचं सगळ्यांचं तिच्याशी बरं आहे, ते बिघडेल म्हणून तुम्ही घाबरता. माझं बिघडायचं काय शिल्लक राहिलंय? मीच सांगते. सांगून खाली येताना लिफ्टमध्ये डोळे पुसत होती."

बाई पायरीवर तशाच बसून राहिल्या. खाली सायकलवाला चाक फिरवून बघत होता आणि कोणी वाट मागितली असती तरी त्यांना उठता आलं नसतं, अशी त्यांची अवस्था होती. त्यांना वाईट वाटलं, लाज वाटली, आणि त्या दोन्हींच्या खालून एक वेगळीच गोष्ट वर आली: त्यांना उत्तर सापडलं होतं.

त्या तरातरा वर गेल्या आणि भिंतीवरच्या कागदातून पोस्टातल्या बाईचा गोल कात्रीनं कापून काढला.

"चिठ्ठी नको," त्यांनी दाढीवाल्याला सांगितलं. "बसा. जोडणारी बाई मध्ये नसली तरी गाव बोलतं. रेघा थेट माणसामाणसांत ओढा. मी सव्वीस वर्षं वायरी जोडल्या, पण बातम्या मी नेत नव्हते. त्या सुतार, धोबीण, लिफ्टवाला अशी माणसं नेत होती."

"मग तुमचा उपयोग काय झाला?" दाढीवाल्यानं विचारलं. त्याच्याही जिभेला हाड नव्हतं.

"कोणती वायर कुठं जाते ते मला माहीत आहे, हा उपयोग. आता दुसरा नियम लिहा. बातमी वाईट असेल तर ज्याची आहे त्याला कोणी सांगायचं नाही."

"पण माहीत असून न सांगणं हा गेममधला दोष दिसेल!"

"दिसू दे. न सांगणाऱ्यानं गप्प नाही बसायचं. हवापाण्याचं बोलायचं. जास्तीचं वाढायचं. भांडणाऱ्यानं त्या दिवशी भांडण सोडून द्यायचं. आणि शेवटी कोण सांगणार? ज्याचं त्याच्याशी बिघडायचं काही शिल्लक राहिलेलं नाही, तो."

दाढीवाल्यानं सगळं लिहून घेतलं. मग त्यानं खुर्ची ओढली आणि आठ दिवस तो खुर्चीतून फारसा उठला नाही.

परीक्षक बाई आली ती सकाळी दहाला. आखूड पांढरे केस, चेहऱ्यावर सुरकुती हलत नाही. हिनं म्हणे आजवर अकरा गेम बंद पाडले होते. नमस्कार-चमत्कार झाल्यावर तिनं कंट्रोलर मांडीवर घेतला आणि म्हणाली, "कोणी मध्ये बोलायचं नाही. मी मोडायला बसते. मोडलं नाही तर बघू."

आणि ती खरंच मोडायला बसली. गावात शिरल्या शिरल्या गिरणीच्या मालकाच्या खिडकीखाली उभं राहून तिनं ऐकलं की गिरणी बंद होणार, गिरणीवाल्याला काढणार. ती सरळ नावाड्याकडे गेली आणि त्याला ते सांगून टाकलं. मग बाजारात जाऊन गिरणीवाल्याच्या शेजारी उभी राहिली. थोड्या वेळानं नावाडी आला. गिरणीवाल्यापासून दोन पावलांवर थांबला. आणि म्हणाला, "नदीला यंदा पाणी बरं आहे."

"हे काय?" परीक्षक बाई म्हणाली. "याला माहीत आहे आणि हा सांगत नाही. तुमचं मोडलंय."

दाढीवाल्यानं तोंड उघडलं. ऑपरेटरबाईंनी त्याचा दंड धरला. "थांबा," त्या पुटपुटल्या.

नावाडी बहिणीकडे गेला. तिला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीवाला पाव घ्यायला आला तर पाववालीनं त्याच्या पिशवीत दोन जास्तीचे टाकले. "आज काय?" त्यानं विचारलं. "काही नाही, जास्त भाजले गेले," पाववाली म्हणाली. परीक्षक बाईचा अंगठा कंट्रोलरवर थांबला. दुपारी अरुंद पुलावर लोहार समोरून आला. या दोघांत आधी कोण वाट देणार यावरून रोज बाचाबाची. आज लोहार मुकाट्यानं बाजूला झाला. गिरणीवाला पूल ओलांडून गेला, थांबला, आणि त्यानं मागे वळून बघितलं.

"सगळ्यांना कळलंय," परीक्षक बाई हळू आवाजात म्हणाली. "याला सोडून सगळ्यांना." कंट्रोलर तिनं कधी खाली ठेवला ते तिलाही कळलं नसावं. ती आता खेळत नव्हती, नुसती बघत होती.

संध्याकाळी गावाच्या दुसऱ्या टोकाचं एक दार उघडलं. निवृत्त शिक्षिका बाहेर आली, अख्खं गाव चालत ओलांडून गिरणीवाल्याच्या दारात उभी राहिली आणि तिनं कडी वाजवली. हे त्या खोलीतल्या कोणीही लिहून ठेवलेलं नव्हतं. शिक्षिका निघेल की अजून कोणी, हे दाढीवाल्यालासुद्धा माहीत नव्हतं. तो दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता.

"तू?" गिरणीवाला म्हणाला.

"गिरणी बंद होतेय," भावजय म्हणाली. "कोणीतरी सांगायला हवं होतं."

"तुला कोणी सांगितलं?"

"सगळ्यांनी. आत येऊ का?"

 परीक्षक बाईनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "अकरा वर्षांपूर्वी माझा विभाग बंद झाला होता," ती कोणाकडेच न बघता म्हणाली. "आठवडाभर लोक मला केक आणून देत होते." मग तिनं विचारलं, "हे कोणी बसवलं?"

पाच बोटं एकाच दिशेला वळली. दाढीवाल्याचं बोट सगळ्यांत आधी.

"गाव राहील," परीक्षक बाई म्हणाली. "तलवारी काढल्या तरी चालतील."

भाचीनं आनंदानं किंचाळून मावशीला मिठी मारली. दाढीवाल्यानं मिठी मारली नाही, तो चहा आणायला धावला, आणि येताना त्याच्या हातात एकच कप होता. मग प्रश्न निघाला की गेमच्या शेवटी जी नावं झळकतात तिथं मावशीच्या नावापुढे हुद्दा काय लिहायचा. कोणी 'समाजरचना' म्हणालं, कोणी 'ज्ञानव्यवस्था प्रमुख'.

"ऑपरेटर लिहा," बाई म्हणाल्या. "तेच काम केलं मी. ते कोणीही करू शकत नाही, हे मला आता पक्कं माहीत आहे."

त्या दुपारी त्यांनी ही खबर लिफ्टवाल्याला सांगितली, घरी जाऊन कपाटातलं घड्याळ काढलं, पुसलं आणि भिंतीवर लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्पितळाचा नंबर फिरवला. गोड आवाज 'दोन दाबा' म्हणायच्या आत त्यांनी एकशे सतरा दाबलं. औषधभांडार. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो नंबर त्यांनी स्वतःसाठी लावला होता.

पलीकडे फोन उचलला गेला. नुसता श्वास ऐकून बाईंनी ओळखलं.

"मी बोलतेय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक माझी चूक आहे आणि एक चांगली बातमी."

"चूक राहू द्या," औषधभांडारवाली म्हणाली. "आणि बातमी मला कळलीय. कालच."

"लिफ्टवाल्यानं सांगितलं?"

"लिफ्टवाल्यानं, धुलाईखान्यातलीनं, स्वयंपाकघरातल्या तिघांनी. सगळे धावत आले, जो तो म्हणतोय मी आधी सांगणार. पण ऑपरेटरबाई, तुमच्या तोंडून ऐकायचं राहिलंय. सांगा ना पहिल्यापासून. मी दार लावून घेते."

आणि बाईंनी पहिल्यापासून सांगितलं.